लाल चौकोनावरचा शब्द

माझ्या आईला माझं काम शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण तिने त्याचं जे वर्णन केलं तसं मला आजवर जमलेलं नाही. अड्याळच्या बाजारात कोणी विचारलं, "तुहा पोरगा काय करते वो बाई?" की ती म्हणायची, "मशीनीले बोलाले शिकवते." विचारणारा आधी तिच्याकडे पाहायचा, मग माझ्याकडे. घरात एकाच्या डोक्यात बिघाड आहे की दोघांच्या, हे त्याला ठरवता यायचं नाही. मी ओशाळून सांगायचो, "वायरिंगचं काम आहे." आता निवृत्तीला टेकल्यावर कबूल करतो, खरं उत्तर आईचंच होतं.

कारखान्यात प्रत्येक मोठ्या यंत्राला एक डोकं असतं. लोखंडी पेटीत बसवलेलं, शाळेच्या डब्याएवढं. कागदोपत्री त्याचं नाव पीएलसी, आम्ही नुसतं कंट्रोलर म्हणतो. किती गरम झालं, किती भरलं, कोणती मोटार कधी सुरू करायची, हे तो बघतो. आपल्या यंत्रापुरता तो फार हुशार असतो. पण शेजारच्या यंत्रात काय चाललंय याची त्याला गंधवार्ता नसते. ड्रायर थांबला तरी बॉयलर बापडा वाफ पाठवतच राहतो. या डोक्यांची एकमेकांशी गाठ घालून देणं हे माझं काम. भंडारा जिल्ह्यातल्या राईस मिलांपासून पाणीयोजनांपर्यंत मी हेच केलं.

लोकांना वाटतं, केबल टाकली की झालं. केबल टाकणं म्हणजे दोन गावांमध्ये रस्ता करणं. रस्ता झाला म्हणून सोयरीक होत नाही. दोघांना वेगवेगळा पत्ता द्यावा लागतो, दोघांच्या बोलण्याचा वेग एक करावा लागतो. एकाने आपली माहिती कोणत्या खणात ठेवली आणि दुसऱ्याने कोणता खण उघडायचा, हेही ठरवून द्यावं लागतं. यातलं एक जरी चुकलं तरी वादावादी होत नाही. दोघंही अगदी आत्मविश्वासाने भलतंच काहीतरी करत बसतात.

एकदा बपेऱ्याच्या अलीकडच्या एका गावात मला बोलावलं होतं. नदीवर पंप, गावात उंच टाकी, दोन्हीकडे एकेक कंट्रोलर. जोडणी आधीच कोणीतरी करून गेलं होतं. पंपघरातल्या स्क्रीनवर टाकी नेहमी भरलेली दिसायची, म्हणून पंप सुरूच व्हायचा नाही. गावात नळ कोरडे. मी पोचलो तेव्हा सरपंचबाई घागर घेऊनच उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "साहेब, तुमच्या टीव्हीत पानी हाये, आमच्या नळाले नाही. असं करा, त्या टीव्हीलेच तोटी बसवून द्या."

मी पेटी उघडून बसलो. दोष सापडला तेव्हा हसावं की रडावं कळेना. टाकीवरचा कंट्रोलर आपले खण शून्यापासून मोजत होता आणि पंपाचा एकापासून. त्यामुळे पंपवाला बरोबर शेजारचा खण उघडत होता. त्या खणात पाण्याची पातळी नव्हती, टाकीवरची बॅटरी किती भरली तो आकडा होता. बॅटरी बिचारी कायम भरलेली, म्हणून टाकीही कायम भरलेली. एक आकडा बदलला आणि पंप घरघरला. सरपंचबाईंनी मला चहा पाजला, पण घागर काही खाली ठेवली नाही. नळाला पाणी आल्याशिवाय त्यांचा विश्वास बसणार नव्हता, आणि ते बरोबरच होतं.

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली. त्या दोन कंट्रोलरांपैकी खोटं कोणीच बोलत नव्हतं. मोजायला कुठून सुरुवात करायची, एवढंच त्यांचं आपसात ठरलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट मी या धंद्यात येण्याआधीच शिकलो होतो, तलावावर. आम्ही ढीवर, पिढीजात मासेमार. माझे वडील डोंग्यात बसून पाण्यात जायचे आणि काका जाळ्याचा दोर धरून काठावर राहायचे. सकाळच्या धुक्यात दोघं एकमेकांना दिसत नसत. वडील मधूनमधून नुसतं "होऽऽ" म्हणायचे आणि काका काठावरून "होऽऽ" म्हणायचे. काम काही नसायचं, तरी म्हणायचे. आणि वडील "ओढ!" म्हणाले की काकांनी आधी "ओढतो!" म्हणायचं आणि मगच दोराला हात घालायचा. मी लहानपणी विचारलं होतं, हे सारखं ओरडायचं काहून? वडील म्हणाले, "पान्यात जो चूप बसला तो बुडला समजा लागते."

आमच्या धंद्यात हाच नियम आहे. कंट्रोलरची खोड अशी की शेजाऱ्याकडून निरोप यायचा थांबला तर तो शेवटचा आलेला आकडाच धरून बसतो. मघाशी सारं ठीक होतं, म्हणजे आताही ठीकच असेल. म्हणून आम्ही दोघांना ठरावीक वेळाने एकमेकांना हाक मारायला लावतो. हाकेला उत्तर आलं नाही की दुसऱ्याने आपलं यंत्र सुरक्षित जागी आणून थांबायचं. इंग्रजीत याला हृदयाच्या ठोक्यांचं नाव आहे. मी शिकवताना त्याला 'हो' म्हणतो. बायको मात्र यावरून मला टोमणा मारायची संधी सोडत नाही. "मशीनीले मिनटामिनटाले हो म्हनाले शिकवता, अन् घरी हाक मारली तं तुमचं उत्तर नाही."

हे सगळं इतकं लांबण लावून सांगितलं ते मनोहरभाऊंच्या मिलची गोष्ट सांगता यावी म्हणून. ही मिल शहापूरच्या बाजूला. धान भिजवायचं, वाफवायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं, म्हणजे उसना तांदूळ तयार होतो. धानाच्याच तुसावर चालणारा बॉयलर, वाफवण्याच्या टाक्या आणि धान वाळवणारा उंच ड्रायर, असे तीन भाग. तिघांचे कंट्रोलर तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे. या तिघांना एका सुतात ओवायचं काम माझ्याकडे आलं.

मनोहरभाऊ सत्तरी ओलांडलेले मालक. पांढरा सदरा, कपाळाला गंध, आणि कोणत्याही मजुराचं नाव न विसरणारा माणूस. त्यांच्या मिलमध्ये सगळं होतं, फक्त 'बंद' हा शब्द नव्हता. तसं आपल्याकडे हे नवं नाही. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. देवापुढचा दिवा विझवत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. बालाघाटकडून येणारे हमालसुद्धा 'दुकान बढ़ाना' म्हणतात. पण मनोहरभाऊंनी हा नियम यंत्रांनाही लावला होता. "मोटार वाढव." "बॉयलर वाढव." नवा माणूस सुरुवातीला गोंधळायचा, मग त्यालाही सवय व्हायची.

यामागचं कारण मला रामकिसनने सांगितलं. रामकिसन तिथला जुना फिटर. मनोहरभाऊंच्या वडिलांची एक मिल होती. मनोहरभाऊ शाळकरी असताना एका सकाळी तिच्या दारावर कोणीतरी खडूने 'बंद' लिहिलं आणि ती पुन्हा उघडली नाही. त्या दारासमोर उभ्या राहिलेल्या मजुरांत रामकिसनचा बापही होता. "मालकाले त्या शब्दाची चीड नाही," रामकिसन म्हणाला, "भेव हाये." हे ऐकल्यावर मी त्या नियमाला मनातल्या मनात हसणं सोडून दिलं.

तरी स्क्रीनवरून आमचं वाजलंच. ड्रायरच्या स्क्रीनवर मी मराठीत बटनं केली होती. मनोहरभाऊंनी चष्मा लावून पाहिलं आणि बोट ठेवलं.

"नामदेव, हे 'बंद' काहून लिहिलं?"

"भाऊ, मशीन थांबवाचं बटन हाये ते."

"मंग 'वाढवा' लिही ना."

"बाजूले 'माल वाढवा' लिहिलं हाये. दोन्ही वाढवा झाले तं घोळ होईल."

त्यांनी विचार केला. "असं कर, काहीच नोको लिहू. लाल चौकोन ठेव. लाल म्हनलं का शेंबडं पोरगंही समजते."

मला ते पटलं. थांबवायला नुसता लाल चौकोन ठेवला. माल, म्हणजे ड्रायरमध्ये जाणारं धान, कमीजास्त करायला वर-खाली बाण ठेवले. शब्दच नाही, तर गोंधळ कशाचा? रंगाला अपशकुन नसतो, असं मी चहा पिताना सगळ्यांना ऐकवलंसुद्धा. तीन कंट्रोलरांमधल्या निरोपाच्या सगळ्या ओळी मी दोनदा तपासल्या. मालकाच्या तोंडापासून पॅनलवरच्या माणसाच्या कानापर्यंत जाणारी चौथी ओळ मात्र माझ्या नकाशावर नव्हतीच.

ड्रायरच्या पॅनलवर वंदना नावाची बाई नवीन लागली होती. इलेक्ट्रिशियनचा आयटीआय केलेली, पण लग्नानंतर कितीतरी वर्षं घरीच. मुलगी मोठी झाल्यावर कामाला निघालेली. त्या मिलमध्ये पॅनलवर बसलेली ती पहिलीच बाई. मनोहरभाऊंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, एक हंगाम पाहू, नाही जमलं तर पॅकिंगवर. पॅकिंग म्हणजे पोत्यांत तांदूळ भरणं, रोजीवर. तिने मला एकदा म्हटलं होतं, "साहेब, माहं सर्टिफिकेट घडीवर फाटाले आलं. एवढा हंगाम नीट निंगाला पाहिजे, बस." मी तिला सगळं शिकवलं. माल वाढवायचा तर वरचा बाण, कमी करायचा तर खालचा. ती हुशार होती, आणि मुख्य म्हणजे न कळलेलं विचारत होती.

ऐन हंगामात, एका दुपारी, मनोहरभाऊ अंगणात उभे होते. ड्रायरला धान वर नेणारा एलिवेटर असतो, म्हणजे बादल्या लावलेला उभा पट्टा. त्यांना शेडमधून रबर जळल्याचा वास आला आणि धूर दिसला. पट्टा घसरत होता. ते फोनवर ओरडले, "वंदना, वाढव! वाढव लवकर!"

वंदनाने माल वाढवला.

एलिवेटर तुंबला, पट्टा तुटला आणि बादल्यांसकट खाली आला. रामकिसन धूर पाहून तिकडेच धावत होता. एक बादली त्याच्या हातावर बसली आणि हात मोडला. तो वाचला हे नशीबच. मिल ठप्प झाली आणि मला फोन आला.

मी पोचलो तेव्हा पॅनलच्या खोलीत मनोहरभाऊ खुर्चीवर बसले होते, वंदना भिंतीला टेकून उभी होती आणि रामकिसन हाताला प्लास्टर करून, गमछ्याची झोळी गळ्यात अडकवून दारात उभा होता. डॉक्टरांनी घरी जा म्हटलेलं असताना तो मिलमध्ये आला होता.

"नामदेव, तुही लाइन बरोबर चालली का?" मनोहरभाऊंनी विचारलं.

मी तपासलं होतं. एलिवेटर थांबताच टाक्यांनी धान पाठवणं थांबवलं होतं आणि बॉयलरने वाफ आवरली होती. तिघंही ठरल्याप्रमाणे वागले होते. "बरोबर चालली, भाऊ."

"मंग झालं तं. चूक बाईची हाये. उद्यापासून तिले पॅकिंगवर पाठवतो. तू दुसऱ्या कोनाले शिकव."

वंदनाचा चेहरा मला अजून आठवतो. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "भाऊ, तुम्ही वाढव म्हनले. मी वाढवलं."

"अवो, सारी मिल समजते वाढव म्हनजे काय ते! घरी दिवा वाढवते का नाही?"

"आमच्या घरी दिवा विझते, भाऊ."

ती पुढे बोलली, आवाज न चढवता. "बांगडी फुटते. दुकान बंद होते. मानूस मेला तं मेला म्हनतो. आमचे आजोबा बौद्ध झाले तवाच त्याहीनं शकुन-अपशकुन सारं घराबाहेर काढलं. मी लहानपनापासून वाढव म्हनजे वाढव, हेच ऐकलं. अन् साहेबानंही मले तेच शिकवलं, माल वाढव म्हनजे वरचा बाण."

मला बपेऱ्याकडची ती टाकी आठवली. एक शून्यापासून मोजत होता, एक एकापासून. इथेही कोणी खोटं बोललं नव्हतं. पण तिकडे मी एक आकडा बदलून मोकळा झालो होतो. इथे एका घराने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला शब्द होता आणि दुसऱ्या घराने पिढ्यान्‌पिढ्या हट्टाने टाकून दिलेला. यातलं कोणाचं काय बदलायचं, आणि ते मी कोण सांगणार? मात्र मला रागही आला होता, आणि तो मी गिळला नाही.

"भाऊ," मी म्हणालो, "दोन कंट्रोलरचं जमलं नाही तं मी ऐकनाऱ्याले काढून फेकत नाही. पाठवनाऱ्यानं काय पाठवलं ते आधी पाह्यतो."

मनोहरभाऊंचे कान लाल झाले. "म्हनजे चूक माही हाये?"

"चूक कोनाची हाये ते मी नाही सांगून राहिलो. तुमचं दोघांचं ठरलंच नव्हतं."

दारातून रामकिसन म्हणाला, "मालक, मले समजलं होतं तुम्ही काय म्हनता ते. पन बटन माह्यापाशी कुठं होतं?"

मोडक्या हाताच्या माणसाने असं म्हटल्यावर मनोहरभाऊ खुर्चीवरून उठले. जाता जाता म्हणाले, "पट्टा बसू दे. चालवून पाहू. मंग ठरवू." वंदनाची जागा तेवढ्यापुरती राहिली.

पट्टा येईपर्यंत मी ती राहून गेलेली चौथी ओळ टाकायला घेतली. त्याला केबल लागणार नव्हती. मी सगळ्यांना बसवून वडिलांचा आणि काकांचा नियम सांगितला. हुकूम देणाऱ्याने काय करायचं त्या वस्तूचं नाव घ्यायचं. नुसतं वाढव नाही, माल वाढव. ऐकणाऱ्याने तो परत बोलून दाखवायचा. देणाऱ्याने 'हो' म्हटलं की मगच बोट लावायचं. आणि निरोप अर्धवट आला, कळला नाही, शंका आली, तर विचारत बसायचं नाही. आधी लाल चौकोन, मग प्रश्न. कंट्रोलरही असंच करतात. थांबलेल्या यंत्राने नुकसान होतं, पण माणूस मरत नाही. शिवाय एलिवेटरच्या पायथ्याशी, ओढली की सगळं थांबेल अशी दोरीही मी बसवून घेतली.

मनोहरभाऊंनी सगळं ऐकलं. "ठीक हाये. पन मले तो शब्द बोलाले नोको लावू."

"नोका बोलू, भाऊ. कशाले काय कराचं तेवढं बोला."

नवा पट्टा बसला. चाचणीच्या दिवशी मी वंदनाच्या बाजूला स्टुलावर बसलो होतो. मनोहरभाऊ फोन घेऊन ड्रायरच्या माथ्यावरच्या माडीवर गेले, पट्टा वरच्या चाकावर सरळ चालतो का ते पाहायला. चाकावरचं झाकण त्यासाठी काढून ठेवलं होतं. रामकिसनलाही वर जायचंच होतं. नवा पट्टा आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं. एका हाताने कठडा धरत तो चढला.

फोन टेबलावर, आवाज मोठा करून ठेवलेला.

"वंदना, माल जरासा वाढव."

"माल जरासा वाढवते, भाऊ?"

"हो."

तिने बाण दाबला. पट्टा नीट चालला. पुन्हा तसंच झालं. मनोहरभाऊंना थोडी गंमत वाटत असल्याचं मला त्यांच्या आवाजावरून जाणवलं. शाळेतल्यासारखं बोलणं त्यांना आवडायला लागलं होतं. वंदनाही जरा सैल झाली, पदर खोचून नीट बसली.

मग फोनमधून एकदम ओरडणं आलं. "वाढव! वाढव! वाढवऽऽ!"

काय वाढवू, हे त्यात नव्हतं. मी स्टुलावरून उठलोसुद्धा नव्हतो, तोवर वंदनाचं बोट लाल चौकोनावर पडलं होतं. ड्रायरचा आवाज उतरत गेला. बाजूच्या दोन्ही कंट्रोलरांना निरोप गेला, टाक्या थांबल्या, वाफ आवरली. सगळ्या मिलमध्ये अशी शांतता पसरली की बाहेरच्या झाडावरचे कावळे ऐकू आले.

"बंद केलं, भाऊ," वंदना फोनमध्ये म्हणाली. "सारं बंद केलं. बरोबर हाये ना?"

उत्तर नाही.

"भाऊ, ऐकून राहिले ना? बंद केलं मी."

फोनमधून नुसता वाऱ्याचा आवाज येत होता. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत सरळ प्रश्न होता, आपण यावेळी तरी बरोबर ऐकलं का? मला तलावावरचं धुकं आठवलं. मी जिन्याकडे धावलो.

मी अर्ध्या जिन्यात असताना खालून, पॅनलच्या उघड्या खोलीतून, फोनमधला मनोहरभाऊंचा आवाज मोठ्याने ऐकू आला, आणि तोच आवाज वरून, माडीवरूनही आला.

"हो, बाई. बंद. बंदच ठेव. बंद."

वर पोचलो तर रामकिसन कठड्याला पाठ लावून खाली बसला होता. गळ्यातल्या झोळीचं एक टोक वरच्या चाकात गेलं होतं आणि तिथेच अडकून राहिलं होतं. आणखी एखादा फेरा झाला असता तर त्याची मान त्या चाकाला लागली असती. मनोहरभाऊ गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी त्याच्या गळ्यातली गाठ सोडवत होते. फोन फळीवर पडला होता. वंदना विचारत होती तेव्हा त्यांचे हात आणि तोंड दोन्ही गाठीत गुंतलेली होती. गाठ त्यांनी दातांनी ओढून सैल केली होती.

"मालक," रामकिसन खोकत खोकत म्हणाला, "तुम्ही तो शब्द बोलले."

"चूप राय, लेकाच्या," मनोहरभाऊ म्हणाले आणि रडायला लागले. मी त्यांना तसं पहिल्यांदाच पाहत होतो. मलाही आवरलं नाही, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी माडीवरही दोरी बसवली. झाकण काढलेलं असताना एलिवेटर सुरूच होऊ नये अशी सोय केली. काम संपवून पॅनलच्या खोलीत आलो तर मनोहरभाऊ तिथे होते. वंदना आपल्या जागेवर होती. तिला पॅकिंगवर पाठवण्याचा विषय कोणी काढला नाही, पुढेही काढला नाही.

"नामदेव, त्या लाल चौकोनावर लिहून टाक," ते म्हणाले.

"काय लिहू, भाऊ?"

"तिले विचार. बोट तिचं रायते त्यावर."

मी वंदनाकडे पाहिलं. ती स्क्रीनकडे वळली. मग म्हणाली, "बंद." मी तो शब्द टाकला. मनोहरभाऊंनी चष्मा लावून वाचला, आणि बाहेर गेले. दारात क्षणभर थांबले, असं मला वाटलं.

या सगळ्याला आता बरेच हंगाम झाले. हल्लीची नवी पोरं येतात, लॅपटॉप लावतात, आणि कंट्रोलर एकमेकांना आपोआप शोधून काढतात. पत्ते द्यावे लागत नाहीत, वेग जुळवावा लागत नाही. चांगलंच आहे. तरी मला थोडं वाईट वाटतं. ज्याला दोघांच्या मधे बसून एकेक खण मोजावा लागला नाही, त्याला 'दोघंही खरं बोलताहेत' हे कधी कळणार? मी ही हळहळ बायकोला बोलून दाखवली तर ती म्हणाली, "तुम्हाले आता काम नाही म्हनून सुचून राहिलं." तेही खरं असेल.

त्या वर्षी हंगामाच्या शेवटच्या दिवशी मी हिशोबासाठी नाही, सहज म्हणून मिलमध्ये गेलो होतो. शेवटचं धान ड्रायरमधून उतरलं होतं. वंदना पॅनलवर होती. मनोहरभाऊंचा फोन आला. ते घरून बोलत होते, आवाज जरा थकलेला.

"वंदना, आपला हंगाम झाला. ड्रायर बंद कर."

त्यांनी वस्तूचं नाव घेतलं होतं आणि तो शब्दही उच्चारला होता, अगदी नियमाप्रमाणे. तिने बोट 'बंद' लिहिलेल्या लाल चौकोनावर नेलं आणि परत बोलून दाखवण्याआधी किंचित हसली.

"ड्रायर वाढवते, भाऊ."

पलीकडून उत्तर आलं, "हो."

आमच्या धंद्याच्या नियमाप्रमाणे पाठवलेला शब्दच उत्तरात परत यायला हवा. तो आला नव्हता. मी तिथेच बसलो होतो, पण ते दुरुस्त करायला काही उठलो नाही.